मेरी स्टुअर्टची गोष्ट कशी सांगावी: नऊ कागद घेऊन

स्कॉटलंडच्या मेरी राणीची गोष्ट सांगायला बसलं की बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांतच वाट चुकतात. सामग्रीच तशी आहे. तीन लग्नं, दोन खून, दारूगोळ्याचा स्फोट, तळ्यातल्या किल्ल्यातून पलायन, शेवटी कुऱ्हाड. काय सांगू आणि काय नको असं होतं, आणि श्रोत्यांच्या हाती उरते ती एक सुंदर, दुर्दैवी, प्रेमात फसलेली बाई. किंवा सांगणारा श्रद्धाळू असेल तर धर्मासाठी मेलेली हुतात्मा. मी ही गोष्ट बरीच वर्षं लोकांसमोर सांगत आले आहे. दोन्ही तऱ्हा ऐकल्या आहेत आणि दोन्हींचा मला कंटाळा आहे.

माझी पद्धत कागदांची. मेरीच्या आयुष्याला जिथे जिथे वळण लागलं, तिथे कुणीतरी कशावर तरी सही केली, किंवा सही करायचं नाकारलं, किंवा दुसऱ्याचं पत्र फोडून वाचलं. म्हणून बोलायला उभं राहण्याआधी नऊ कोरे कागद घ्या, प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत फक्त महिना आणि साल लिहा: एप्रिल १५५८, जुलै १५६०, मार्च १५६६, एप्रिल १५६७, जुलै १५६७, डिसेंबर १५६८, जुलै १५८६, आणि फेब्रुवारी १५८७ दोनदा. गोष्ट पुढे जाईल तसा एकेक कागद टेबलावर ठेवत जा. तारखा पाठ करायची गरज उरत नाही आणि लोकांनाही आपण कुठवर आलो ते दिसत राहतं.

पण पहिला कागद ठेवण्याआधी नावांचा गुंता सोडवा, नाहीतर पुढचं सगळं वाया. या गोष्टीत मेऱ्याच मेऱ्या आहेत. नायिका मेरी, तिची आई मेरी (फ्रान्सच्या गीझ घराण्यातली), एलिझाबेथची थोरली बहीण मेरी ट्यूडर, आणि नायिकेच्या चार बालमैत्रिणी, त्याही चौघी मेरीच. बाप पाचवा जेम्स, मुलगा सहावा जेम्स, सावत्र भाऊ जेम्स स्टुअर्ट, तिसरा नवरा बॉथवेल, त्याचंही नाव जेम्स. माझा नियम असा की ‘मेरी’ म्हटलं की फक्त नायिका. बाकीच्यांना नात्याने हाक मारायची: आई, सावत्र भाऊ, मुलगा. नवऱ्यांना मात्र त्यांच्या नावाने: फ्रान्स्वा, डार्न्ली, बॉथवेल.

आणि एलिझाबेथ? मेरीची आजी मार्गारेट ही आठव्या हेन्रीची सख्खी थोरली बहीण. म्हणजे हेन्रीची मुलगी एलिझाबेथ ही मेरीच्या वडिलांची मामेबहीण. आपल्याकडच्या नात्यात ती मेरीची आत्या लागते. वयात अंतर जेमतेम नऊ वर्षांचं. हे एकदा सांगितलं की श्रोते सावरून बसतात, कारण भांडण वारसाहक्काचं आहे हे त्यांना चटकन उमगतं. कॅथलिकांच्या लेखी हेन्रीचं अ‍ॅन बुलिनशी झालेलं लग्न लग्नच नव्हतं, म्हणून एलिझाबेथ अनौरस, आणि मग इंग्लंडच्या गादीचा खरा हक्क कुणाचा, तर मेरीचा. पुढची सगळी वर्षं एलिझाबेथची झोप उडाली ती यामुळे.

बालपणावर रेंगाळू नका. ८ डिसेंबर १५४२ला लिनलिथगोच्या राजवाड्यात जन्म, सहाव्या दिवशी वडील वारले आणि पाळण्यातली पोर राणी झाली. आठव्या हेन्रीला ती आपल्या मुलासाठी सून म्हणून हवी होती. स्कॉटलंडने ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा त्याने सैन्य पाठवून गावं जाळली. आईने पोरीला पाचव्या वर्षी जहाजात बसवून फ्रान्सला धाडलं. तिथल्या दरबारात ती युवराजाची वाग्दत्त वधू म्हणून वाढली. इतकं पुरे.

आता पहिला कागद. ४ एप्रिल १५५८, फॉन्तेनब्लो. लग्नाला वीस दिवस बाकी. पंधरा वर्षांच्या मेरीने तिथे काही गुप्त दस्तांवर सही केली: मूल न होता मी मेले तर स्कॉटलंडचं राज्य फ्रान्सच्या राजाला जावं. घरच्या सरदारांना याचा पत्ता नव्हता. त्यांच्याशी झालेल्या उघड करारात नेमकं उलट लिहिलेलं. इथे दोन श्वास थांबा. पंधराव्या वर्षी मामांनी पुढे केलेला कागद तिने किती समजून सही केला असेल, हा प्रश्न श्रोत्यांनाच पडू द्या. मला वाटतं, आपण राणी आहोत म्हणजे राज्य आपल्या मालकीचं आहे ही समजूत तिथेच पक्की झाली, आणि स्कॉटलंडमध्ये ती कधीच चालणारी नव्हती.

नोव्हेंबरात इंग्लंडची मेरी ट्यूडर वारली, एलिझाबेथ गादीवर आली आणि फ्रेंच सासऱ्याने सूनबाईंच्या चिन्हात इंग्लंडची राजचिन्हं घालून टाकली. सासरा हौशी. पुढच्या वर्षी तोच एका झुंजीच्या खेळात भाल्याची कपची लागून मेला, सतरा महिने फ्रान्स्वा राजा आणि मेरी राणी झाली, आणि ५ डिसेंबर १५६०ला फ्रान्स्वाही गेला. अठराव्या वर्षी विधवा.

दुसरा कागद सही न झालेला आहे, आणि माझ्या मते नवांतला सगळ्यात महाग. जुलै १५६०चा, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातला एडिनबरोचा तह. त्यात मेरीने इंग्लंडची चिन्हं वापरणं सोडावं असं कलम होतं, आणि शब्दयोजना अशी की सही केली तर पुढचा हक्कही सुटला असा अर्थ निघावा. तिने सही केली नाही. एलिझाबेथने चिडून तिला इंग्लंडमधून जायचा परवाना नाकारला. मेरी समुद्रमार्गे आली, १९ ऑगस्ट १५६१ला धुक्यात लीथ बंदरात उतरली. नऊ वर्षांनीही तो तह तसाच पडून होता. मेरीशी बोलायची वेळ आली की एलिझाबेथचे लोक आधी तोच पुढे करत.

ती उतरली तेव्हा स्कॉटलंड प्रॉटेस्टंट होऊन वर्ष झालं होतं. इथे एक गैरसमज खोडून काढा. मेरीने कॅथलिक पंथ देशावर लादायचा प्रयत्न केला नाही. उतरल्यावर आठवड्याच्या आत तिने जाहीर केलं की धर्माची जी व्यवस्था मी आल्यावर पाहिली तीच राहील. स्वतःसाठी तिने फक्त एडिनबरोच्या होलीरूड राजवाड्यातल्या खाजगी प्रार्थनागृहातला मास, म्हणजे कॅथलिक उपासना, राखला. तेवढ्यावरही प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक जॉन नॉक्स व्यासपीठावरून कडाडत होता. पहिली चार वर्षं तिने सावत्र भावाच्या सल्ल्याने कारभार बरा चालवला. हे मुद्दाम सांगा, कारण बिनडोक राणी म्हणून तिची नोंद करणारे ही चार वर्षं गिळून टाकतात.

मग डार्न्ली. उंच, देखणा, तिच्याचसारखा मार्गारेट ट्यूडरचा वंशज, म्हणजे इंग्लंडच्या गादीवरचा हक्क दुप्पट. मेरी स्वतः जवळजवळ सहा फूट उंच. तिच्याहून उंच पुरुष मिळणं ही दुर्मीळ बाब. २९ जुलै १५६५ला लग्न झालं आणि काही महिन्यांतच कळलं की माणूस दारुडा, रुसका आणि राजमुकुटासाठी हपापलेला आहे. नावाला राजा म्हणत, पण हक्काचा मुकुट तिने दिला नाही.

तिसरा कागद मार्च १५६६चा, त्याला तिथे बाँड म्हणत: सरदारांनी एकत्र येऊन सह्या केलेलं शपथपत्र. एखाद्याला मारायचं ठरलं की आधी बाँड करायची त्यांची रीत. हा बाँड राणीच्या इटालियन चिटणीसाविरुद्ध, डेव्हिड रिझिओविरुद्ध होता, आणि त्यावर डार्न्लीची सही होती. हा प्रसंग मात्र सावकाश सांगा. होलीरूडच्या मनोऱ्यात राणीच्या शयनगृहाला लागून एक चिमुकली खोली आहे. जेवणाचं टेबल मांडलं की हालायला जागा नाही. ९ मार्चच्या रात्री तिथे मेरी, रिझिओ आणि आणखी काही जण जेवायला बसले होते. मेरीला सहावा महिना. खालच्या मजल्यावर डार्न्लीच्या खोल्या होत्या आणि आतल्या आत वर येणारा जिना. आधी त्या जिन्याने डार्न्ली आला आणि बायकोशेजारी बसला. मग दारात लॉर्ड रुथव्हेन दिसला: आजाराने पांढराफटक पडलेला आणि अंगात चिलखत. रिझिओने राणीच्या झग्याला घट्ट धरलं. त्याची बोटं सोडवून त्याला बाहेर ओढलं आणि पन्नासाहून जास्त वार केले. डार्न्लीचा खंजीर मुद्दाम प्रेतात ठेवला, त्याचा हात होता हे दिसावं म्हणून.

तिथे दाखवतात त्या रक्ताच्या डागाबद्दल फार बोलू नका, तो पर्यटकांसाठी. त्यापेक्षा पुढच्या दोन दिवसांत मेरीने काय केलं ते सांगा. तिने त्याच नवऱ्याला गोड बोलून फोडलं, मध्यरात्री त्याच्याबरोबर वाड्यातून निसटली आणि त्या अवस्थेत घोड्यावरून डनबारचा किल्ला गाठला. डार्न्लीने साथीदारांना दगा दिला म्हणून त्यांनी सहीचा बाँड तिच्याकडे पाठवून दिला. नवऱ्याची सही तिने वाचली. जूनमध्ये मुलगा झाला.

१० फेब्रुवारी १५६७च्या पहाटे एडिनबरोच्या वेशीशी कर्क ओ’फील्ड इथलं डार्न्ली राहत होता ते घर दारूगोळ्याने उडालं. तो सापडला बाहेर बागेत, रात्रीच्या अंगरख्यात, शेजारी त्याचा नोकर. दोघेही मेलेले, पण अंगावर स्फोटाची खूण नाही. जवळ एक खुर्ची, दोर, खंजीर पडलेला. लंडनला एलिझाबेथच्या मंत्र्याकडे, सेसिलकडे पाठवलेलं या जागेचं चित्र आजही इंग्लंडच्या सरकारी दप्तरखान्यात आहे. मिळालं तर त्याची प्रत श्रोत्यांत फिरवा, दहा मिनिटांचं बोलणं वाचतं. खुनी कोण हे ठामपणे सांगू नका. बॉथवेलचा (तेव्हा राणीचा एक सरदार, पुढे तिसरा नवरा) हात होता यावर फारसा वाद नाही. मेरीला किती ठाऊक होतं यावर साडेचारशे वर्षं भांडण चालू आहे. श्रोते विचारतीलच. मी माझं मत देते: नवरा नकोसा झाला होता, काहीतरी शिजतंय हेही जाणवलं असावं, आणि तिने विचारलं नाही.

चौथा कागद, एप्रिल १५६७. बॉथवेल डार्न्लीच्या खुनाच्या खटल्यातून सुटला त्याच महिन्यात एडिनबरोतल्या एन्स्लीच्या खाणावळीत त्याने सरदारांना आणि बिशपांना जेवू घातलं आणि राणीने माझ्याशीच लग्न करावं अशा शिफारशीवर सह्या घेतल्या. थोड्याच दिवसांत त्याने मेरीला वाटेत अडवून डनबारला नेलं. पळवलं की ती गेली, बलात्कार झाला की संगनमत होतं, हाही न मिटलेला वाद. माझ्या मते जबरदस्ती झाली, पण सांगताना दोन्ही बाजू मांडा. १५ मे रोजी लग्न झालं, तेही प्रॉटेस्टंट पद्धतीने. कॅथलिक युरोपने कपाळावर हात मारला. आणि ज्यांनी जेवून सह्या केल्या होत्या, त्यांतलेच काही महिन्याभरात फौज घेऊन उभे राहिले. १५ जूनला कारबेरीच्या टेकडीवर लढाई न होताच मेरी त्यांच्या स्वाधीन झाली, बॉथवेल पळाला. पुढे तो डेन्मार्कच्या कैदेत वेडा होऊन मेला.

पाचवा कागद राजीनाम्याचा. लॉख लेव्हन नावाच्या तळ्यात एका बेटावर किल्ला. मेरीचा जुळ्यांचा गर्भपात झालेला, अंगात ताकद नाही. २४ जुलैला लॉर्ड लिंडसेने कागद समोर टाकले आणि सही न केल्यास काय होईल ते स्पष्ट सांगितलं. इंग्लिश राजदूताचा निरोप तलवारीच्या म्यानात लपवून तिच्यापर्यंत आला होता: दबावाखालची सही बंधनकारक नसते. तिने सही केली. पाच दिवसांनी तेरा महिन्यांच्या मुलाला मुकुट घातला, आणि त्याचा कारभारी म्हणून सावत्र भाऊ आला. पुढच्या वर्षी २ मे रोजी एका पोरगेल्या नोकराने किल्ल्या लांबवून तिला होडीतून बाहेर काढलं, अकराव्या दिवशी लँगसाइडला तिची फौज हरली, आणि १६ मे १५६८ला मासेमारीच्या होडीतून सॉल्वेची खाडी ओलांडून ती इंग्लंडच्या वर्किंग्टनला उतरली. सल्लागार नको म्हणत होते. फ्रान्सला गेली असती तर? श्रोत्यांपैकी कुणीतरी हे विचारतंच. तिला वाटलं, एक अभिषिक्त राणी दुसरीला सैन्य देईल.

सहावा कागद, किंबहुना चांदीची पेटी. मेरीने बॉथवेलला लिहिलेली म्हणून आठ पत्रं आणि काही कविता सावत्र भावाने इंग्लंडमधल्या चौकशीत सादर केली, डार्न्लीच्या खुनात तिचा हात होता हे दाखवायला. मेरीला ती दाखवलीही नाहीत. निकाल असा की काहीच सिद्ध झालं नाही, पण बाई अडकून राहिली. मूळ पत्रं पुढे नाहीशी झाली, आज नकलाच आहेत. इथे श्रोत्यांना हस्ताक्षराच्या चर्चेत नेऊ नका, बाहेर निघता येत नाही.

एकोणीस वर्षांची कैद पाच मिनिटांत उरका. ती कंटाळवाणी होती आणि सांगतानाही कंटाळवाणी होते. टटबरीचा दमट किल्ला, शेफील्ड, अर्ल ऑफ श्रूजबरीचा पहारा, संधिवात, भरतकाम. तिने भरलेली एक तांबूस मांजर आहे, समोर उंदीर. तांबूस केसांची एलिझाबेथ मनात होती असा अर्थ लावतात. बाहेर मात्र जग तापत होतं: १५६९ला उत्तरेत बंड, १५७०ला पोपचं फर्मान की एलिझाबेथ राणीच नाही, मग एकेक कट, आणि प्रत्येक कटाच्या शेवटी मेरीचं नाव. त्या काळात तिने सांकेतिक लिपीत लिहिलेली ५०हून जास्त पत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दुसऱ्याच नोंदीखाली पडून होती. तीन हौशी अभ्यासकांनी ती उलगडली, २०२३मध्ये जाहीर झालं. तुमच्याकडे जुनं पुस्तक असेल तर त्यात हे नसणार, तेवढी भर घाला.

सातव्या कागदाला प्रयोग करा. मेरीला तेव्हा ठेवलं होतं त्या चार्टलीच्या वाड्यात तिची पत्रं बिअरच्या पिंपाच्या बुचात दडवून आत-बाहेर जात. ती वाट शोधणारा गिफर्ड हा एलिझाबेथचा हेरप्रमुख वॉल्सिंगहॅम याचा माणूस होता, बिअरवालाही फितूर. प्रत्येक पत्र थॉमस फेलिप्स फोडून, उलगडून, नक्कल करून पुन्हा बंद करत असे. लिपी कशी फुटते हे दाखवायला एक मराठी वाक्य घ्या, प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला वेगळं चिन्ह द्या आणि फळ्यावर लिहा. कान्याचं चिन्ह इतक्या वेळा येतं की चुणचुणीत मूल ते लगेच पकडतं. तिथून पुढे दोरा सुटत जातो. मेरीच्या लिपीत शब्दांसाठी वेगळी आणि फसवायला निरर्थक चिन्हंही होती, तरी फेलिप्सला ती जड गेली नाही. ६ जुलै १५८६ला बॅबिंग्टन नावाच्या कॅथलिक कटवाल्याने एलिझाबेथला मारण्याचा बेत लिहिला, १७ जुलैला मेरीचं उत्तर गेलं, त्यात त्या कामाच्या सहा जणांचा उल्लेख. फेलिप्सने नक्कल पाठवताना वर फाशीचा खांब काढला, आणि मूळ पत्राच्या तळाशी त्या सहांची नावं विचारणारा मजकूर स्वतः घुसडला. हा खोटेपणा जरूर सांगा. पण मुख्य पत्र खोटं होतं असं सुचवू नका.

ऑक्टोबरात फॉदरिंगेच्या किल्ल्यात खटला झाला. वकील नाही, पुरावा म्हणून नकला. आठवा कागद १ फेब्रुवारी १५८७चा: एलिझाबेथची मृत्युदंडावरची सही. पण तिने मेरीचा पहारेकरी पॉलेट याने गुपचूप काम उरकावं असं सुचवलं होतं का, असं विचारलं तर हो. सहीनंतर तसं पत्र त्याला गेलं, आणि त्या कडक, मेरीला न आवडणाऱ्या माणसाने साफ नकार दिला. मग मंत्र्यांनी राणीला न सांगता आज्ञापत्र पाठवलं, आणि काम झाल्यावर एलिझाबेथने चिटणीस डेव्हिसनला लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तुरुंगात, टाकून कानावर हात ठेवले.

नववा कागद मेरीने ८ फेब्रुवारीला पहाटे दोनच्या सुमारास लिहिला, फ्रान्सच्या राजाला, म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या धाकट्या भावाला. नोकरांचे पगार द्या, हे त्यात आहे. हे पत्र बंद कसं केलं ते करून दाखवा. पानाच्या कडेने एक अरुंद पट्टी कापा, एक टोक पानालाच राहू द्या. पान घड्या घालून बारीक लांबट करा. सगळ्या थरांतून सुरीने फट पाडा, पट्टीचं टोकदार टोक त्यातून ओवा, कडेवरून वळवून पुन्हा ओवा, असं काही वेळा, मग पट्टी ओली करून दाबा. वाळल्यावर पट्टी फाडल्याशिवाय पत्र उघडत नाही. एखाद्या श्रोत्याला उघडायला द्या. जिची सगळी पत्रं वाचली गेली तिने शेवटचं कसं बंद केलं, यावर वेगळं बोलावं लागत नाही.

मृत्यूचं वर्णन आटोपशीर ठेवा. काळा झगा उतरवल्यावर आत गडद तांबडा वेष होता, पहिला घाव चुकला, डोकं उचलताना केसांचा टोप हातात आला, झग्याखालून तिचा छोटा कुत्रा निघाला. एवढं पुष्कळ झालं. वय ४४.

प्रश्नोत्तरांत हमखास येणारा प्रश्न: दोघी भेटल्या तेव्हा काय बोलल्या? त्या कधीच भेटल्या नाहीत. नाटक-सिनेमांत भेट घालतात कारण त्याशिवाय त्यांचं चालत नाही. दुसरा प्रश्न, शेवटी जिंकलं कोण? १६०३मध्ये एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि मेरीचा मुलगा दोन्ही देशांचा राजा झाला. त्याने १६१२मध्ये आईचे अवशेष पीटरबरोच्या थडग्यातून लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत आणले. जिवंतपणी तिच्यासाठी त्याने फार हात-पाय हलवले नव्हते, हेही जोडा.

अर्धाच तास मिळाला तर फ्रान्स दोन वाक्यांत संपवा, पेटी वगळा, कैद एका वाक्यात. पण मार्च १५६६ ते जून १५६७ या पंधरा महिन्यांतलं काही गाळू नका. तिथला एक बाँड जरी सुटला तरी लॉख लेव्हनमधली सही श्रोत्यांना कळत नाही.